एक चांदणी आणि एकवीस लाख व्यक्ती-वर्षं

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावरचं एक पान बदललं. 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हे त्या पानावरचं शीर्षक तसंच राहिलं, पण त्याच्या शेवटी एक चांदणी आली, जाहिरातीत 'अटी लागू' सांगणारी असते तशी. खाली खुलासा होता की सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी ठरल्यामुळे हे शीर्षक काढलेलं नाही. आणि मजकुरात शीर्षकाच्या नेमकं उलट लिहिलं होतं: 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हा दावा पुराव्यावर आधारलेला नाही, कारण अर्भकांच्या लसींमुळे ऑटिझम होण्याची शक्यता अभ्यासांनी नाकारलेली नाही.

हे ठरलं होतं फेब्रुवारी २०२५ मध्ये. रॉबर्ट केनेडी ज्युनियर लसी आणि ऑटिझम यांचा संबंध वीस वर्षं जाहीरपणे जोडत आले आहेत. त्यांच्या आरोग्यमंत्रिपदाला सिनेटची मंजुरी हवी होती. समितीचे अध्यक्ष बिल कॅसिडी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, पण पेशाने डॉक्टर, यकृतविकारांचे तज्ज्ञ. त्यांचं मत सहज मिळणारं नव्हतं. मत देण्यापूर्वी त्यांनी काही आश्वासनं घेतली, त्यांतलं एक याच वाक्याबद्दल होतं. केनेडी ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंत्री झाले. नऊ महिन्यांनी वाक्य जागेवर होतं आणि त्यातला अर्थ काढून घेतलेला होता.

मला यात सर्वांत घातक वाटते ती 'शक्यता नाकारलेली नाही' ही शब्दरचना. ती धादांत खोटी असती तर खोडून काढणं सोपं होतं. पण ती वैज्ञानिकांच्याच तोंडची आहे. संख्याशास्त्रात कुठलीही शक्यता शंभर टक्के नाकारता येत नाही, आणि प्रामाणिक संशोधक तसं लिहितोही. त्याच्या या प्रामाणिकपणाचाच इथे त्याच्याविरुद्ध वापर झाला आहे. म्हणून ही शक्यता किती उरली आहे ते मोजून पाहायला हवं. ती मोजता येते, आणि कशी मोजतात ते मला विलक्षण सुंदर वाटतं.

मूळ प्रकरण थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या अँड्र्यू वेकफील्ड यांनी 'द लॅन्सेट'मध्ये १२ मुलांवरचा एक निबंध लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेला यांच्या एकत्रित लसीवर, म्हणजे एमएमआरवर, संशय घेतला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. संबंध सिद्ध झालेला नाही असं निबंधातच म्हटलं होतं, पण पत्रकार परिषदेत त्यांनी एकत्रित लस थांबवून वेगवेगळ्या लसी द्याव्यात असं सुचवलं. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी शोधून काढलं की लस कंपन्यांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून वेकफील्डना चार लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती आणि मुलांच्या नोंदी मूळ कागदपत्रांशी जुळत नव्हत्या. २०१० मध्ये लॅन्सेटने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून वेकफील्डचं नाव कमी झालं. पण निबंध लबाडीचा निघाला म्हणून त्यातला दावा आपोआप खोटा ठरत नाही. दावा वेगळा तपासावा लागतो.

तो तपासायची गरज आईवडिलांसाठीही होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते असं आपण म्हणतो, पण इथे कावळा दर वेळी त्याच फांदीवर त्याच वेळी बसतो. एमएमआरचा पहिला डोस अनेक देशांत १२ ते १५ महिन्यांच्या वयात दिला जातो. नावाने हाक मारल्यावर मूल वळून बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही, आलेले चार शब्दही हरवतात, हे घरच्यांच्या लक्षात येतं ते पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या दरम्यान. लाखो मुलांमध्ये कित्येकांची लस गेल्या आठवड्यात झालेली असणार आणि शब्द या आठवड्यात हरवणार. ते आईवडील खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलं ते खरंच घडलं. लस दिली नसती तर काय झालं असतं, एवढं मात्र कोणत्याच आईला स्वतःच्या मुलात पाहता येत नाही. त्यासाठी लाखो मुलं लागतात.

ती डेन्मार्कमध्ये होती. तिथे १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक असतो. लसीची नोंद आणि मनोविकार विभागातलं निदान, दोन्ही त्याच क्रमांकावर चढतात. त्यामुळे कोणालाही काही आठवायला न लावता संपूर्ण देशाचा हिशेब मांडता येतो. जानेवारी १९९१ ते डिसेंबर १९९८ मध्ये जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांचा असा अभ्यास २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यांतल्या ४,४०,६५५ मुलांनी एमएमआर घेतली होती.

आता वाटेल की मुलांचे दोन ढीग करायचे, लस घेतलेली आणि न घेतलेली, आणि दोन्हींत ऑटिझम मोजायचा. पण प्रत्येक मूल जन्मतः लस न घेतलेलंच असतं. पंधराव्या महिन्यात लस घेणारी मुलगी चौदाव्या महिन्यात कुठल्या ढिगात टाकायची? म्हणून मुलं मोजायची नाहीत, त्यांचा काळ मोजायचा. समजा एका मुलीवर पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत लक्ष ठेवलं आणि तिला पंधराव्या महिन्यात लस दिली. तिचे पहिले तीन महिने 'लसीविना' खात्यात जमा होतात आणि उरलेली पावणेचार वर्षं 'लसीनंतर' खात्यात. या एककाला व्यक्ती-वर्ष म्हणतात. सगळ्या मुलांची बेरीज झाली २१,२९,८६४ व्यक्ती-वर्षं. त्यांतली १६,४७,५०४ लसीनंतरची आणि ४,८२,३६० लसीविना.

ऑटिझमची निदानं लसीनंतरच्या खात्यात २६३ आणि लसीविनाच्या खात्यात ५३ होती. भागाकार केला तर लसीनंतर दर लाख व्यक्ती-वर्षांमागे १६ आणि लसीविना ११. म्हणजे लसीनंतर जवळपास दीडपट!

हा भागाकार बरोबर आहे. लसविरोधकांनी तो पुढेही केला आहे, आणि घाईघाईने वाचणारा इथे हादरतो. पण लसीविनाच्या खात्यात कोणाचा काळ जमा आहे ते उघडून पाहू. नोंद पहिल्या वाढदिवसापासून सुरू होते आणि डेन्मार्कमध्ये लस द्यायची ती पंधराव्या महिन्यात. म्हणजे पुढे लस घेतलेल्या ४,४०,६५५ मुलांचे सुरुवातीचे साधारण तीन-तीन महिने याच खात्यात पडले. नुसते तेच एक लाखाहून अधिक व्यक्ती-वर्षं होतात, खात्याचा जवळपास चौथा भाग. आणि त्या वयात ऑटिझमचं निदान जवळजवळ होतच नाही. तिथे ते सरासरी चौथ्या वर्षानंतर होत होतं. म्हणजे लसीविनाच्या खात्यात असा खूप काळ भरला आहे ज्यात निदान होणं जवळजवळ शक्यच नव्हतं. लसीनंतरचं खातं बहुतेक पंधराव्या महिन्यानंतरच उघडतं आणि जवळपास नवव्या वाढदिवसापर्यंत जातं. तिथे निदानं जास्त दिसणारच. चाळिशी लावणाऱ्यांच्या डोक्यावर पांढरे केस जास्त असतात, म्हणून चष्म्याने केस पिकतात असं कोणी म्हणत नाही.

यावर उपाय असा की दोन वर्षांच्यांची तुलना दोन वर्षांच्यांशीच करायची, चार वर्षांच्यांची चार वर्षांच्यांशीच. निदानाचं प्रमाण दर वर्षी बदलत होतं म्हणून १९९५ ची तुलना १९९५ शीच. मग मुलगा की मुलगी, जन्माचं वजन, आईचं शिक्षण अशा गोष्टींचा फरकही काढून टाकायचा आणि या सगळ्या छोट्या तुलना वजनानुसार एकत्र करायच्या. असं केल्यावर दीडपटीचं गुणोत्तर ०.९२ वर येतं. एक म्हणजे दोन्हीकडे धोका सारखा, एकाहून कमी म्हणजे लस घेतलेल्यांत किंचित कमी. लस कितव्या महिन्यात दिली, ती देऊन किती काळ लोटला, यानुसारही निदानांचा कुठे घोळका दिसला नाही. लस कारण असती तर तो दिसायलाच हवा होता.

आता 'नाकारलेली नाही'कडे येऊ. ०.९२ हा अंदाज आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी अनिश्चितता असते. ९५ टक्के विश्वासमर्यादा होती ०.६८ ते १.२४, म्हणजे खरं गुणोत्तर या पट्ट्यात कुठेही असू शकतं. एकूण निदानं अवघी ३१६ असल्यामुळे पट्टा रुंद होता. तो अरुंद करायचा एकच मार्ग आहे, आणखी मुलं मोजणं. डेन्मार्कने ती मोजली. १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेली ६,५७,४६१ मुलं, ६,५१७ निदानं, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं गुणोत्तर ०.९३. पट्टा आला ०.८५ ते १.०२ वर. ज्यांच्या भावंडांना ऑटिझम आहे अशा, आधीच जास्त धोक्यातल्या मुलांतही लसीने धोका वाढलेला दिसला नाही.

उरलेली शक्यता ती हीच, एकाच्या वर शंभरातले दोन भाग. समजा लस न घेतलेल्या एक लाख मुलांत एक हजारांना ऑटिझम आहे. मग लस घेतलेल्या एक लाखात तो ९३० जणांना असेल हा सर्वोत्तम अंदाज, आणि पट्ट्याचं वरचं टोक धरलं तरी १,०२०. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांतलं ऑटिझमचं प्रमाण २००० मध्ये १५० मुलांमागे एक होतं, २०२२ मध्ये ३१ मागे एक झालं. ही वाढ जवळपास पाचपट आहे. तिचं कारण त्या दोन टक्क्यांत मावत नाही. आणि पट्टा कधीच शून्य रुंदीचा होणार नाही, कारण तेवढी मुलं पृथ्वीवर नाहीत. तो शून्य व्हावा अशी अट घातली तर पाणी पिण्याने ऑटिझम होत नाही हेही सिद्ध करता येणार नाही.

चाणाक्ष वाचक म्हणेल, सीडीसीच्या नव्या मजकुरात भर अर्भकांच्या लसींवर आहे, एमएमआर त्यानंतरची. बरोबर. या वादात प्रश्नच सतत बदलत गेला आहे. आधी एमएमआर, मग थायोमर्सल हे लस टिकवण्यासाठी घालायचं पारायुक्त द्रव्य. ते एमएमआरमध्ये कधी नव्हतंच, कारण त्याने लसीतला जिवंत विषाणू मेला असता. बालकांच्या इतर लसींमधून अमेरिकेने ते २००१ पर्यंत जवळजवळ काढून टाकलं, फ्लूच्या काही कुप्यांत राहिलं, आणि आकडे चढतच राहिले. जपानने १९९३ मध्ये गालगुंडाच्या घटकामुळे होणाऱ्या मेंदूज्वरामुळे एमएमआर बंद केली, तरी योकोहामा शहरात त्यानंतर जन्मलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढतच गेलं. मग ॲल्युमिनियमचे क्षार. ते मात्र अर्भकांच्या लसींत खरोखर असतात. २०२५ च्या जुलैमध्ये डेन्मार्कने १२ लाखांहून अधिक मुलांचा हिशेब मांडला आणि जास्त ॲल्युमिनियम मिळालेल्या मुलांत मेंदूविकासाचे विकार जास्त आढळले नाहीत. केनेडींनी हा निबंध मागे घ्यायची मागणी केली. नियतकालिकाने नकार दिला.

यातल्या प्रत्येक समजुतीभोवती कोणीतरी दुकान मांडलं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पारा 'बाहेर काढायला' मुलांच्या शिरेत औषधं सोडली गेली. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात एक पाच वर्षांचा मुलगा त्यात दगावला, रक्तातलं कॅल्शियम घसरून. क्लोरीन डायऑक्साइड हे विरंजक द्रव्य ऑटिझमचा उपाय म्हणून विकलं गेलं आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. शरीर 'शुद्ध' करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नका.

मग प्रमाण वाढलं कशाने? मोठा वाटा व्याख्येचा आणि शोधण्याचा. १९९४ मध्ये अमेरिकी निदानपुस्तिकेत ॲस्पर्जर हा ऑटिझमचा सौम्य प्रकार आला, आणि २०१३ पासून ऑटिझम व एडीएचडी (अवधान टिकत नसलेली अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येऊ लागली. पूर्वी 'मतिमंद' किंवा 'विचित्र' म्हणून सोडून दिलेली मुलं आता मोजली जातात. आणि एकाला ऑटिझम असतो, दुसऱ्याला नसतो ते का, असं विचारलं तर पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या अभ्यासात या फरकापैकी सुमारे ८० टक्के आनुवंशिकतेशी जोडलेला आढळला.

पट्टा अरुंद होत असताना लसीकरण मात्र घसरत होतं. ब्रिटनमध्ये २००१ च्या शेवटी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या धाकट्या मुलाला एमएमआर दिली का, हे सांगायला नकार दिला. इंग्लंडमधलं दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचं लसीकरण २००३-०४ मध्ये ८० टक्क्यांपर्यंत उतरलं. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या समाजात १२ ते १८ जणांना रोग देतो, म्हणून साथ रोखायला ९५ टक्के लागतात. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकू शकतो.

टेक्सासच्या गेन्स काउंटीत बालवाडीतल्या मुलांचं एमएमआर लसीकरण ८२ टक्क्यांच्या आसपास होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथे गोवर सुरू झाला. ऑगस्टमध्ये साथ संपल्याचं जाहीर झालं तेव्हा राज्यात तिचे ७६२ रुग्ण नोंदले गेले होते. शाळेच्या वयाची दोन मुलं गेली. दोघांनाही आधीचा कुठला आजार असल्याची नोंद नव्हती, आणि दोघांनाही लस दिलेली नव्हती.