खासगी कॉलेज म्हणजे खासगी विद्यापीठ नव्हे

"मुलीला खासगीत घातलंय" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, डिग्री कुठल्या विद्यापीठाची? कारण कॉलेज एखाद्या शिक्षणसंस्थेचं असलं तरी ते मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल, तर पदवी सरकारी विद्यापीठाचीच मिळते. कॉलेज स्वायत्त, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं, असलं तरीही. खासगी विद्यापीठाला मात्र कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. तिथे शिकवणारे, पेपर काढणारे, तपासणारे आणि पदवी देणारे सगळे एकाच छताखाली.

सरकारी असो की खासगी, विद्यापीठाचा जन्म कायद्यानेच होतो. पण छत्तीसगडने २००२ मध्ये, प्रत्येकासाठी वेगळा कायदा न करता, नुसत्या अधिसूचनेवर खासगी विद्यापीठं काढायची मुभा दिली आणि शंभराहून जास्त विद्यापीठं उभी राहिली, बरीचशी कागदावरच. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती तरतूद रद्द केली. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक, म्हणजे सरकारी, विद्यापीठांना २०१६ चा कायदा लागू आहे आणि त्यांचे कुलपती राज्यपाल असतात. खासगी विद्यापीठाचा कुलपती प्रायोजक संस्था, म्हणजे ते काढणारी संस्था, ठरवते.

खरा फरक फीमध्ये कळतो, आणि तो फार उशिरा कळतो. संलग्न कॉलेजातल्या इंजिनीअरिंगची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, बहुतेक प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेनंतरच्या कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतात. २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण त्याच निर्णयात खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठं वगळली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तीच शाखा, आणि फक्त विद्यापीठ बदललं म्हणून माफी गेली. सीट ब्लॉक करायला पैसे भरण्याआधी हे पालकांना कुणीतरी सांगायलाच हवं.

सरकारी बाजूचं दुखणंही लपवू नये. शेकडो कॉलेजांचा भार एका परीक्षा विभागावर पडतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन (संगणकावरची) तपासणी घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून हटवलं. आटोपशीर पसाऱ्यामुळे खासगी विद्यापीठात निकाल आणि अभ्यासक्रमातले बदल लवकर होऊ शकतात, हे मान्यच.

आणि सिम्बायोसिससारखं अभिमत विद्यापीठ? ते तिसरंच प्रकरण. त्याला दर्जा राज्याचा कायदा देत नाही, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकार देतं.