अंग चोळणे (बेळगाव सीमाभाग)

अंगाला तेल लावून, सावकाश हात फिरवून शीण घालवण्याची आणि मन निवांत करण्याची घरगुती रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत तिचे मूळ ठिकाण म्हणजे बाळंतिणीची खोली.

हाताच्या कामाला मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तालमीत पैलवानाला रगडतात. दमून आलेल्या माणसाचे पाय चेपतात. बाळंतिणीचे अंग चोळतात. रडून थकलेल्या लेकराच्या पाठीवरून नुसता हात फिरवतात. ही नोंद शेवटच्या दोन क्रियांविषयी आहे.

चोळणारी बाई सकाळी येते. तेल कोमट केलेले असते, बहुधा खोबरेल किंवा तिळाचे. आधी बाळ: ती पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते, छाती, पोट, हातपाय चोळून ऊन पाण्याने न्हाऊ घालते. मग बाळंतीण. पाठ आणि कंबर यांना सर्वांत जास्त वेळ. या भागात चोळणारी मराठी बोलणारी असते तशी कानडी बोलणारीही असते. तिच्या तोंडी बाळंतीण ‘बाणंति’ होते. ‘सावकाश’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत आहे आणि या कामात तोच सगळ्यात उपयोगी पडतो. हात चालू असताना बाळंतीण बोलती होते: झोप नाही, दूध पुरत नाही, विनाकारण रडू येते. समोर ना सासू असते ना आई, असते ती दहा घरची बाळंतपणे पाहिलेली बाई. माझ्या मते या रीतीतला निम्मा गुण त्या बोलण्यात आहे.

उरलेला निम्मा त्वचेत आहे. केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे असतात, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. ते संदेश सावकाश नेतात आणि त्यांचे काम स्पर्शाची जागा सांगण्यापेक्षा त्याचा सुखदपणा कळवण्याचे आहे. हळुवार म्हणजे वरवर मात्र नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर प्रयोग केला. दिवसातून तीनदा, १५ मिनिटे चोळणे व हातपाय हलवणे असा क्रम १० दिवस चालला आणि त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. पुढच्या अभ्यासांत दिसले, की गुदगुल्या झाल्यासारखा स्पर्श बाळांना नको असतो. बेताचा दाब लागतो. चोळणारीचा तळहात तो दाब जाणतो.

आयुर्वेदात याला अभ्यंग म्हणतात. चरकसंहितेत वायूचा संबंध स्पर्शाशी जोडून रोज अभ्यंग करावा असे सांगितले आहे. वाग्भटाने डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात पादाभ्यंग हा राजाच्या उपभोगांपैकी एक आहे. घरात त्याचे साधे रूप म्हणजे तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासणे. झोप न येणाऱ्यांना त्याने बरे वाटते.

ताप असताना, त्वचेला संसर्ग किंवा जखम असताना चोळू नये. सिझेरियननंतर टाक्यांवर हात नको. बाळंतिणीची एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर ती चोळणे धोक्याचे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. तडक डॉक्टरकडे न्यावे. बाळाच्या नाकाकानात तेल घालू नये. बाळंतिणीचे रडू दोन आठवडे उलटूनही थांबत नसेल, तर चोळण्यावर विसंबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. आणि जिचे अंग आहे तिला नको असेल, तर हात लावूच नये. सासूने बाई ठरवली म्हणून सुनेने सोसायचे नसते.

सव्वा महिना संपला की बाई यायची थांबते. त्यानंतर मोठ्या माणसाच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागतो तो नरकचतुर्दशीला, पहाटे पाटावर बसवून तेल-उटणे लावताना. घरातल्या म्हाताऱ्यांना तर तेवढाच. त्या पहाटे आजीच्या पाठीला तेल लावणारी नात घाईत असते, आणि आजी म्हणते, ‘सावकाश लाव.’