नरक्याच्या लाकडाला किंमत आली कुठून?

सह्याद्रीच्या पट्ट्यात वनखात्याने नरक्या या रानझाडाच्या लाकडाचा साठा पकडल्याची बातमी अधूनमधून येते. हे काही सागासारखे इमारती लाकूड नव्हे, आणि फुलोऱ्याला तर चक्क घाण वास येतो. तरीही ते चोरून तोडतात, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन आहे. कर्करोगाची दोन महत्त्वाची औषधे याच द्रव्यापासून तयार झाली.

त्याचा शोध मात्र इथे लागला नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ वनस्पतींमध्ये स्टेरॉइड शोधत होते. त्यांचे काही अर्क कर्करोगाच्या चाचणीसाठी गेले, तेव्हा कॅम्प्टोथेका या चिनी झाडाच्या अर्काने उंदरांच्या कर्करोगावर गुण दाखवला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथे त्यांना मनसुख वाणी हे सहकारी मिळाले. वाणींचा जन्म १९२५चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेला गेले होते.

काम चिकाटीचे होते. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग आजारी उंदरांवर तपासायचा, गुण दिसेल तो भाग पुन्हा विभागायचा. असे करत १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी याच दोघांच्या प्रयोगशाळेतून पॅसिफिक यू झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कर्करोगावरच्या द्रव्याची रचना बाहेर आली. नंदुरबारच्या या माणसाचे नाव महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उंदरांवर गुण आला म्हणून औषध हाती आले असे मात्र झाले नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देऊन पाहिला. त्यात रेणूतले अणूंचे एक कडे उघडलेले असते आणि अशा रेणूचा कर्करोगावर प्रभाव फार कमी पडतो. शिवाय मूत्राशयातल्या आम्लात ते कडे पुन्हा मिटायचे, द्रव्य तिथेच जागे व्हायचे आणि रुग्णाला लघवीतून रक्त जायचे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाचण्या थांबल्या.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, मुंबईत गोरेगावच्या, सिबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच द्रव्य नरक्यात सापडले, तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. वाणींनी परदेशात राहून ज्या रेणूची रचना उलगडली, तो त्यांच्याच राज्यातल्या डोंगरांत भरभरून होता.

थांबलेल्या कामाला १९८५ मध्ये पुन्हा जीव आला, कारण कॅम्प्टोथेसिन पेशीला कसे मारते ते तेव्हा कळले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत निघते, तेव्हा त्याला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापलेल्या जागी विकराला अडकवून ठेवते. प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. गाठीतल्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून हा मार त्यांना जास्त बसतो. पण अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही भराभर वाढतात, त्यामुळे त्यांनाही तो चुकत नाही. म्हणूनच नरक्याची साल उकळून पिणे हा उपचार नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

मारण्याची ही रीत कळल्यावर द्रव्याची पाण्यात विरघळणारी रूपे बनवायला दिशा मिळाली. टोपोटेकन आणि इरिनोटेकन या दोघांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली, पहिल्याला बीजांडकोशाच्या तर दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. रचना कळल्यापासून तब्बल तीस वर्षांनी.

या औषधांसाठी कच्चा माल आजही मुख्यतः झाडांतूनच येतो. नरक्यात हे द्रव्य खोडात आहे तसे मुळांतही आहे, त्यामुळे चोरटे अख्खे झाड घेऊन जातात आणि मागे फुटायला काही राहत नाही. २००५ मध्ये नरक्याच्या आत राहणारी, स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी आढळल्याचे भारतीय संशोधकांनी जाहीर केले. अशा बुरशींचे उत्पादन मात्र पिढ्यागणिक घटत जाते, त्यामुळे कारखान्याची गरज त्यांच्यावर भागत नाही. सध्या तरी जंगलाबाहेर लागवड करणे आणि तोडीवर कडक पहारा ठेवणे एवढेच हाती आहे.