पंख्यातून गळणारं धाबं

जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर बालवाडीतल्या पंख्यातून पाणी ठिबकायला लागलं, की पुढचं सगळं ठरलेलं असतं. ताई पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावतात, खाली बादली ठेवतात आणि पोरांच्या सतरंज्या दुसऱ्या भिंतीकडे सरकवतात. मग कोणीतरी धाब्यावर, म्हणजे वरच्या सपाट छतावर, चढतं, पंख्याच्या बरोबर वरची जागा अंदाजाने शोधतं, तिथं सिमेंट थापतं आणि हात झटकून खाली येतं. पुढच्या सरीला पंखा पुन्हा गळतो.

गळणारच. पंख्याच्या वर बहुतेक वेळा भोक नसतंच. स्लॅब ओततानाच विजेच्या तारांचे पाइप त्यात गाडलेले असतात. पाणी शिरतं कठड्याच्या कडेला, नाहीतर टाकीच्या ओट्यापाशी. तिथून ते काँक्रीटच्या आत वाट काढत या पाइपात येतं आणि पाइपाचं तोंड जिथं खाली उघडतं तिथं, म्हणजे पंख्याच्या डब्यात, बाहेर पडतं. दोन्ही जागांमध्ये चार-पाच मीटरचं अंतर सहज असू शकतं. त्याच पाइपात तारा असल्यामुळे चिकटपट्टीवर भागवू नये, त्या खोलीची वीज तोडणारी एमसीबी खाली पाडावी.

वडोदऱ्यात महापालिकेच्या बालवाड्या-अंगणवाड्यांच्या अशा दुरुस्त्या उन्हाळ्यात काढल्या तरच काही अर्थ असतो, आणि त्याचं कारण सुट्टी हे नाही. धाब्याचं नुकसान मुख्यतः ऊन करतं. पाऊस फक्त ते उघडकीला आणतो.

मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असतो तेव्हा उघड्या काँक्रीटचा वरचा थर 60 अंशांच्या आसपास तापतो. काँक्रीट दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भागाइतकं वाढतं. ऐकायला हे काहीच नाही. पण 12 मीटर लांबीचा स्लॅब पहाटेपेक्षा दुपारी 30 अंशांनी जास्त तापला, तर तो 3.6 मिलिमीटर लांब होतो. खालच्या भिंती सावलीत असतात, त्या तेवढ्या वाढत नाहीत. म्हणून स्लॅब रोज दुपारी कठड्याला बाहेर ढकलतो आणि रात्री मागे घेतो. वर्षानुवर्षं हे चाललं की स्लॅब आणि कठड्याच्या सांध्यात केसासारखी चीर पडते. मग जूनमध्ये तापलेल्या धाब्यावर पहिला पाऊस कोसळतो. वरचा थर काही मिनिटांत गार होऊन आकसतो, खालचा अजून गरमच असतो. चिरा उघडायला आणि पाणी यायला एकच मुहूर्त!

चीर बारीक आहे म्हणून पाणी जाणार नाही, ही समजूत काही खरी नाही. बारीक फटीत पाणी गुरुत्वाकर्षणाला फारसं जुमानत नाही, ते पृष्ठताणाने ओढलं जातं. एक मायक्रोमीटर त्रिज्येची नळी हिशेबाने पाणी जवळजवळ 15 मीटर वर चढवू शकते. काँक्रीटमध्ये अशी आणि याहून बारीक छिद्रं असंख्य असतात. मात्र अगदी बारीक, 0.1 मिलिमीटरच्या आतली चीर कधीकधी आपोआप बुजते, कारण पाण्यात विरघळलेला चुना हवेशी संयोग पावून त्यातच साचतो. छताला खालून दिसणारे पांढरे ओघळ हा तोच चुना. मोठ्या चिरेतून तो वाहून येतो, आणि ओघळ जितके जाड, तितकं तिथून पाणी जास्त काळ झिरपलेलं असतं.

आता खरी गंभीर गोष्ट. ओल आली, भिंत काळवंडली, रंग उडाला, हे डोळ्यांना खुपतं. पण स्लॅबचं आयुष्य ठरतं ते आतल्या सळईवर. ताजं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच 12.5 ते 13 असतो. या वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच 9 च्याही खाली उतरतो. मग ते संरक्षण संपतं. सळईपाशी ओल आणि प्राणवायू पोचले की गंज सुरू.

हा वायू किती वेगाने शिरतो याचा एक सुंदर नियम आहे: खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा 4 वर्षांत तो 5 मिलिमीटर शिरला. तर 10 मिलिमीटरला 16 वर्षं लागतील आणि 15 मिलिमीटरला 36. काँक्रीटच्या 1978 च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं किमान 15 मिलिमीटर आवरण पुरेसं मानलेलं होतं. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि त्यानंतरच्या दशकांत देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. त्या काळात ओतलेल्या एखाद्या स्लॅबसाठी हा हिशेब मांडून पाहा. आज पोपडे का पडताहेत, हे कोणावर आरोप न करताही कळतं. आवरण फक्त 5 मिलिमीटर जास्त असतं, तर याच वेगाने 64 वर्षं मिळाली असती. अर्थात सेंटरिंगच्या फळीला चिकटून ओतलेल्या सळया बघितल्या की 15 मिलिमीटर हीसुद्धा चैन वाटते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो. आत जागा नसते, म्हणून तो खालचं काँक्रीट फोडून बाहेर काढतो. बालवाडीत जमिनीवर बसलेल्या मुलांच्या डोक्यावर पडणारा पोपडा म्हणजे हाच. तो पडायच्या आधी ओळखता येतो: छतावर खालून हातोडीने हलके ठोके द्यायचे. धड भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. जिथं बद्द वाजलं तिथलं थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला, तर अल्कधर्मी काँक्रीट गडद गुलाबी होतं आणि वायूने खाल्लेलं करडंच राहतं. गुलाबी रेघ सळईच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर दुरुस्तीचा अर्धा खर्च ठरतो. या चाचणीला दहा मिनिटं लागतात. ती न करता अंदाजपत्रक बनतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

गंमत म्हणजे जी रासायनिक क्रिया सळईच्या काँक्रीटला बाधते, तीच जुन्या चुन्याच्या धाब्याला बळ द्यायची. सयाजीरावांच्या काळातल्या इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पुन्हा चुनखडक होतो, आणि आत गंजायला लोखंड नसेल तर त्यात नुकसान काहीच नाही. असं धाबं दिवसचे दिवस ठोकून काढावं लागे. सौराष्ट्रात चोरवाडकडच्या बायकांनी चुना ठोकताठोकता त्याचं टिप्पणी नृत्यच केलं. ठोकण्याने आतली हवा निघून जाते आणि छिद्रं कमी होतात. चुन्यात गुळाचं पाणी घालायची रीतही काही खुळचट नव्हती: साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो आणि बारीक फटींपर्यंत पोचतो.

सिमेंटच्या धाब्यावर चुन्याच्या जागी कोबा आला, म्हणजे विटांचे तुकडे आणि मसाला यांचा थर. कोबा पाणी अडवतो असा समज आहे. त्याचं मुख्य काम उतार देण्याचं. 100 ला 1 असा उतार धरला, तर 6 मीटरच्या धाब्याला एका टोकाला 6 सेंटिमीटर जास्त उंची हवी. जुना कोबा गळायला लागला की सोपा मार्ग म्हणजे त्याच्यावर दुसरा कोबा. ठेकेदाराला फोडण्याचा आणि राडारोडा वाहण्याचा त्रास वाचतो. पण 10 सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला साधारण 200 किलो भरतो. दोन थर झाले की 400 किलो, म्हणजे 12 सेंटिमीटरच्या स्लॅबच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त, आणि तेही ज्याच्या सळया आधीच बारीक झाल्यात अशा स्लॅबवर. शिवाय धाब्याची पातळी वर चढते, कठडा बुटका होतो आणि पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाचं तोंड खड्ड्यात जातं. उताराचा नियम असा धाब्यावरच धाब्यावर बसवला जातो.

नीट दुरुस्ती खालून वर होते. आधी सुटलेलं काँक्रीट छिन्नीने काढायचं, सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून तारेच्या ब्रशने चकचकीत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा, जिथं फारच झिजलीय तिथं नवी सळई जोडायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. मग वर येऊन जुना कोबा पूर्ण उचलायचा, चिरा भरायच्या आणि कठड्याच्या सांध्यात वाटा, म्हणजे मसाल्याची गोलसर कड, मारायचा. त्यावर जलरोधक लेप येतो; काटकोनात कुठलाही लेप ताणून फाटतो, वाट्यावर तो वळतो. या काळात खाली वर्ग भरवायचा नाही. काँक्रीटच्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते.

लेपाचं वेळापत्रक भौतिकशास्त्र ठरवतं. जुलैत घाईघाईने ओल्या स्लॅबवर जलरोधक रंग मारला, तर आतलं पाणी कोंडलं जातं. 25 अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे 3 किलोपास्कल असतो, 60 अंशांना जवळजवळ 20. पहिलं कडक ऊन पडलं की वाफ लेपाला खालून ढकलते आणि तो फुलक्यासारखा फुगतो. पुढे त्या फुग्यावर कोणाचा तरी पाय पडतो. म्हणून मे महिना. लेपावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक बसवलं, की पायांपासून संरक्षण मिळतं आणि बरंचसं ऊन परत जातं. अहमदाबादने 2017 पासून गरीब वस्त्यांत पांढरी छपरं करायला घेतली ती ऊन परतवण्यासाठीच. धाबं कमी तापलं, तर ते रोज कमी सरकतं आणि चीरही कमी पडते. दुपारी खाली झोपलेल्या मुलांना गारवा मिळतो तो वेगळाच.

मुलांचं म्हणून आणखी एक. वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. ओल आणि बुरशी असलेल्या घरात श्वसनाचे त्रास आणि दमा जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. काळी पडलेली भिंत रंगवून हे जात नाही.

आता पावसाचं पाणी उतरवणारा पाइप. 31 जुलै 2019 ला वडोदऱ्यात एका दिवसात 400 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. 150 चौरस मीटरच्या धाब्यावर त्याचं 60 हजार लिटर पाणी होतं. पाइप तुंबला तर कठड्याच्या आत हौद तयार होतो. 10 सेंटिमीटर पाणी साचलं तरी चौरस मीटरला 100 किलो, म्हणजे एवढ्या धाब्यावर 15 टन. आणि वडोदऱ्यात पाइप तुंबतो कशाने? उत्तरायणाच्या पतंगांनी. जाळीशी बोटं घालून बघा: मांज्याचा गुंता, त्यात अडकलेला ओला कागद, त्यावर कडुलिंबाची पानं, आणि या सगळ्यावर धुळीचा घट्ट लेप. मांजा लवकर कुजत नाही, तो गाळणीचं काम करतो. फेब्रुवारीत एकदा हात घालून तो काढला, तर जूनला पंप लावावा लागत नाही.

काम पूर्ण झालं की नाही, हे बिलावरच्या सहीने कळत नाही. त्यासाठी पाणी साठवायचं. पाइपाची तोंडं बंद करून, धाब्याचे भाग पाडून, एकेका भागात 5 सेंटिमीटर पाणी 48 ते 72 तास ठेवतात आणि खालून सांधे, पाइपाभोवतीची जागा, टाकीचा ओटा तपासतात. मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं, त्यामुळे पातळी उतरली की भांडण ठरलेलं: मुरलं की उडालं? यावर तोडगा साधा आहे. शेजारीच उन्हात एक पसरट परात पाणी भरून ठेवायची आणि दोन्हीकडे पट्टीने पातळी मोजायची. परातीत 9 मिलिमीटर उतरलं आणि धाब्यावर 15, तर उरलेले 6 कुठंतरी स्लॅबमध्ये गेले. दोन भागांच्या पाण्यात वेगवेगळे रंग टाकले, तर खाली कुठल्या रंगाचा डाग येतो त्यावरून गुन्हेगार भागही सापडतो.

ही चाचणी मोझॅक बसवण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घ्यावी. आधीची जास्त महत्त्वाची, कारण तेव्हा चूक हाताशी असते. दोषदायित्वाची मुदतही, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायची मुदत, निविदेत दोन पावसाळे आणि त्यांच्यामधला एक उन्हाळा झाकेल अशी लिहून घ्यावी. पहिल्या पावसाळ्यात तर जवळजवळ कुठलंही धाबं टिकतं.