कोरस आणि कोराल: गळे तेच, माणसं वेगळी

बाख या जर्मन संगीतकाराच्या 'मॅथ्यू पॅशन'च्या, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणाऱ्या रचनेच्या, कार्यक्रमपत्रिकेत कोरस आणि कोराल या दोन्हींना सरसकट 'समूहगान' छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. (कुणी 'कोरल' लिहितं, ते तर पोवळं झालं.)

कोरस तुम्हाला ठाऊक आहेच: सगळे मिळून गातात, विषय संपला. कोराल म्हणजे मात्र 'छोटा कोरस' नव्हे, ते चर्चमधलं स्तोत्र. चार आवाज, संथ चाल, ओळीगणिक विसावा, हे पहिल्या ऐकण्यातच कळतं. अडतं ते गातंय कोण, इथे.

पॅशनमधला कोरस बऱ्याचदा कथेतलं पात्र असतो. कधी शिष्य, कधी "क्रुसावर चढवा" म्हणून ओरडणारा जमाव. कोराल गाणारा त्या कथेत नसतोच. तो असतो १७२७ साली लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेला बसलेला भाविक, ज्याला ही स्तोत्रं लहानपणापासून पाठ आहेत.

शेवटच्या भोजनाचा प्रसंग घ्या. येशू म्हणतो, तुमच्यातलाच एक जण मला धरून देईल. शिष्य एकमेकांचं वाक्य तोडत विचारतात, "प्रभूजी, मी आहे काय तो?" यातला 'हेर', म्हणजे 'प्रभूजी', बोटांवर मोजा. ११ भरतात. बारावा, यहूदा, गप्प आहे. येशूने उत्तर द्यायच्या आतच कोराल सुरू होतो: "इश बिन्स", तो मीच. विचारलं शिष्यांनी, कबुली दिली बाकावरच्या माणसाने! या रचनेत गायकांचे दोन वृंद आहेत; शिष्यांसाठी त्यातला पहिलाच गातो, कबुलीला दोन्ही एक होतात. कडवं पाउल गेऱ्हार्ट या स्तोत्रकाराचं, बाखच्या आधीचंच. चाल त्याहून जुनी, मुळात इन्सब्रुक शहराचा निरोप घेणाऱ्या गाण्याची. कीर्तनकार आख्यान थांबवून सगळ्यांच्या ओठावरचा अभंग धरतो, तसंच काहीसं.

म्हणून या दोहोंच्या मध्ये पानं उलटायला, घसे खाकरायला वेळ देणारे संचालक मला अजिबात चालत नाहीत. प्रश्न हवेत असतानाच उत्तर पडलं पाहिजे.

सुरुवातीच्या कोरसमध्ये मात्र बाखने स्वतःच ही भिंत पाडलीय. खाली दोन वृंदांची सवाल-जबाबी चाललेली असते आणि तिच्यावरून मुलांचे आवाज 'ओ लाम गोटेस' (हे देवाच्या कोकरा) हा कोराल सरळ, न डगमगता नेतात.