प्रवाशाच्या इजेबाबत वाहतूकदाराची जबाबदारी (खानदेश)

भाडे घेऊन माणसांची ने-आण करणारा वाहतूकदार प्रवाशाशी करारच करत असतो. योग्य ती काळजी घेऊन मुक्कामी पोहोचवणे ही त्या कराराची गृहीत अट. ती मोडून इजा झाली, तर भरपाई द्यावी लागते. ‘इजेस कंपनी जबाबदार नाही’ असे तिकिटामागे बारीक अक्षरांत छापून तिच्यातून सुटता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९२ नुसार परवान्यावरील प्रवासी गाडीसाठी अशी अट रद्दबातल ठरते. चढता-उतरताना झालेली इजाही त्यात धरलेली आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. दावा राहत्या ठिकाणीही लावता येतो, त्यामुळे सुरतेच्या वाटेवर जखमी झालेल्या नवापूरकराला गुजरातेत हेलपाटे घालावे लागत नाहीत. एसटीच्या स्वतःच्या गाड्यांची भरपाई सहसा विमा कंपनी नव्हे, महामंडळच देते. रक्कम थकली की न्यायालयाचा बेलीफ स्टँडवर येऊन उभी बस जप्त करतो. १ एप्रिल २०१६ पासून तिकिटामागे १ रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जाऊ लागला, तो वेगळा.

रेल्वेचा कायदा निराळा (१९८९). तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले.

खरी अडचण रस्त्यावरच्या मालवाहू गाड्यांतून जाणाऱ्या माणसांची. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या ट्रकमध्ये मालासोबत बसलेला शेतकरी मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर विम्याच्या कक्षेत आला. पण बाजाराला जाण्यासाठी पिकअपमध्ये भाडे देऊन बसलेल्याला ते संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आशा राणी निकालापासून ही भूमिका पक्की झाली. मजुरांच्या बाबतीत ते गाडीमालकाचे कामगार की नुसते बसलेले, यावर सगळे अवलंबून असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान १५ मजूर दगावले. मालावर बसून घरी परतणे या भागात नवे नाही. विमा कंपनी सुटली, तर भरपाईचा हुकूमनामा फक्त मालकावर उरतो, आणि त्याच्या नावावर बऱ्याचदा त्या गाडीखेरीज वसूल करण्याजोगे काही नसते.