गोल्डन अवर आणि ब्लू अवर यांत नेमका फरक काय?

संध्याकाळच्या छायाचित्रणाविषयी बोलताना गोल्डन अवर आणि ब्लू अवर ही नावे इतक्या सहजपणे एकापाठोपाठ घेतली जातात की, फरक असलाच तर तो केवळ रंगाचा आहे असा समज होऊन बसतो. रंगाचा फरक डोळ्यांत चटकन भरतो हे खरे. परंतु रानात किंवा शेताच्या बांधावर कॅमेरा घेऊन बसणाऱ्यासाठी तो दुय्यम आहे. सोनेरी प्रकाशाला दिशा असते, निळ्या प्रकाशाला ती जवळपास नसते, आणि काय टिपावे व कशाचा नाद सोडावा हे प्रामुख्याने त्यावरूनच ठरते.

ढोबळमानाने, सूर्य क्षितिजापासून ६ अंश उंचीवर आल्यापासून तो क्षितिजाखाली ४ अंश जाईपर्यंतचा काळ गोल्डन अवर मानला जातो, आणि क्षितिजाखालच्या ४ ते ६ अंशांच्या टप्प्याला ब्लू अवर म्हणतात. या सीमा छायाचित्रकारांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत. काही जण निळा टप्पा ८ अंशांपर्यंत लांबवतात. दोन्हींपैकी एकही काळ तासभर टिकेलच असे नाही. विषुववृत्तावर, दिवस आणि रात्र समान असण्याच्या सुमारास, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो व एका अंशाला ४ मिनिटे घेतो. त्यामुळे सोनेरी काळ सुमारे ४० मिनिटांचा, तर निळा जेमतेम ८ मिनिटांचा होतो. ६० अक्षांशावर सूर्य तिरका उतरत असल्याने त्याच दिवसांत हे आकडे साधारण दुप्पट होतात.

कलत्या सूर्याचे किरण वातावरणाच्या फार लांब थरातून येतात, वाटेत निळ्या लहरी विखुरल्या जातात आणि पिवळा-तांबूस भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. निळ्या प्रकाशाची घडण निराळी आहे. सूर्य पुरेसा खाली गेला की जमिनीवर थेट किरण पडत नाहीत. वरच्या वातावरणातून विखुरलेला प्रकाश तेवढा खाली येतो, आणि त्याच्या लांब, तिरप्या वाटेत ओझोन नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. माथ्यावरच्या संधिप्रकाशाचा निळेपणा मुख्यतः ओझोनमुळे असतो, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. हा प्रकाश सबंध आकाशातून उतरत असल्यामुळे सावली कोणत्याच बाजूला ठळक पडत नाही.

नांगरलेले शेत दोन्ही वेळी पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. सूर्य कडेला आणि खाली असताना नांगराच्या प्रत्येक सरीची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, ढेकळांनाही लांब सावल्या फुटतात आणि सपाट जमिनीला चढउतार येतो. प्राण्यांच्या बाबतीत लाभ याहून मोठा आहे. खाली आलेला सूर्य भुवईच्या उंचवट्याखालून डोळ्यापर्यंत पोहोचतो व बुबुळात चमक आणतो, जी दुपारी सहसा मिळत नाही. सूर्य हरणाच्या पाठीमागे ठेवला तर कानांच्या कडेची बारीक लव एकेका केसानिशी उजळून निघते. मात्र त्यासाठी मागची झाडी सावलीत असावी लागते, नाहीतर ती कडा उजळ पार्श्वभूमीत विरून जाते. कळपाच्या खुरांनी उडालेली धूळही पाठीमागच्या प्रकाशातच खुलते.

निळ्या प्रकाशात तेच शेत सपाट दिसते आणि हरणाची लव हरवते. उरतो तो आकार: पाण्यात निश्चल उभ्या बगळ्याची मान, निष्पर्ण झाडाच्या फांद्या, टेकड्यांच्या एकामागोमाग फिकट होत गेलेल्या रेषा. त्यातच प्रकाशही झपाट्याने ओसरतो. निरभ्र आकाशात सूर्य मावळतो त्या क्षणी उघड्या जमिनीवर सुमारे ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, आणि सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत सुमारे ३.४ लक्स उरतो, म्हणजे घट जवळजवळ ७ स्टॉपची आहे (एक स्टॉप घटला की प्रकाश निम्मा होतो). सूर्यास्ताच्या वेळी एफ/४ (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ ६४०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर जिथे १/५०० सेकंदाचा शटरचा वेग मिळत होता, तिथे निळ्या टप्प्याच्या अखेरीस साधारण १/४ सेकंद हाती येतो. धावता ससा त्यात गोठवता येणार नाही. स्थिर पक्षी ट्रायपॉडवरून मिळू शकतो, तोही त्याने मान वळवली नाही तर. या वेळी फ्लॅशचा मोह होतो, पण अंधाराला सरावू लागलेल्या प्राण्यावर तो चमकवणे मला अनुचित वाटते.

गफलत मुख्यतः मधल्या काही मिनिटांत होते. सूर्यास्तानंतर लगेच पूर्वेला क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा उगवतो आणि त्यावर गुलाबी पट्टा दिसतो. खालचा पट्टा ही पृथ्वीची सावली असते, आणि तो पाहून ब्लू अवर सुरू झाला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पश्चिमेला तेव्हा सोनेरी उजेड शिल्लक असतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेची कॅमेऱ्यातली जुळणी, ऑटोवर असेल तर या दोन्ही प्रकाशांचा रंग पांढऱ्याकडे खेचू पाहतो, म्हणून तो डेलाइटवर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर (केल्विन हे रंगछटेचे माप), स्थिर ठेवावा आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद, काढावी. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, वाचण्याची रीत मात्र बदलावी लागते: सोनेरी प्रकाशात लाल चॅनेल सर्वांत आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील गमावतो, तर निळ्या प्रकाशात तोच उपाशी राहतो आणि नंतर उजळायला गेल्यास नॉइज (दाणेदारपणा) तिथेच प्रथम दिसतो.

पश्चिमेला ढगांची भिंत असेल तर गोल्डन अवर वाया जातो, ब्लू अवर मात्र बहुधा ठरल्या वेळी येतो. अशा संध्याकाळी प्राण्यांसाठीची लांब लेन्स बॅगेतच ठेवून, उजेड आहे तोवर पाणवठ्याकाठी ट्रायपॉड मांडून चौकट पक्की करणे मी अधिक शहाणपणाचे समजतो, कारण अंधार पडू लागल्यावर ऑटोफोकस चाचपडू लागतो.